बेळगावचं विमान आणि सहा ओळींचं पत्र

दिवाळी अंकात आपल्या कामाच्या आठवणी लिहिणारी माणसं कशी असतात ते मी अंक वाचून ओळखतो. तीस-पस्तीस वर्षं एकाच खुर्चीवर काढलेली, निरोपाच्या समारंभात शाल-श्रीफळ घेतलेली. माझं तसलं काहीच नाही. मी कायद्याच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि कोर्टाच्या भिंतीला लागून असलेल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये गेली सहा वर्षं टायपिंग करतो. आमच्या मराठीच्या सरांनी, जे या अंकाचं काम बघतात, मला लिहायला सांगितलं तेव्हा मी दोनदा विचारलं की नक्की मलाच का. माझ्या घरात माझ्याआधी कुणी पाचवी ओलांडलेली नाही. वडील कोल्हापूरच्या उद्यमनगरात एका फौंड्रीत भट्टीवर आहेत. त्यांना सही येते, पण ती करताना ते आधी हात पुसतात आणि मग श्वास रोखून धरतात. त्यांच्या मुलानं छापील अंकात स्वतःबद्दल लिहावं हा आगाऊपणा वाटला तर वाचकांनी तो पोटात घालावा. मी माझ्यापेक्षा इतरांबद्दलच जास्त लिहिणार आहे.

आमची शेड तात्यांची. तात्या कोर्टातून कारकून म्हणून निवृत्त झाले आणि दुसऱ्याच आठवड्यात कोर्टाच्या बाहेर येऊन बसले. घरी करमेना म्हणाले. दोन यंत्रं, एक मराठी आणि एक इंग्रजी; तीन खुर्च्या, एक बाक, कार्बन कागदाचा डबा आणि भिंतीवर एक घड्याळ. सकाळी कॉलेज करून मी अकराला येतो. इंग्रजी यंत्र माझं. त्याची 'इ' अक्षराची काडी जरा वाकलेली आहे, त्यामुळे आमच्याकडचं इंग्रजी पत्र कुठंही ओळखू येतं.

बाहेरच्याला वाटतं टायपिंग म्हणजे बोटांचं काम. बोटं महिन्याभरात चालायला लागतात. खरं काम ऐकण्याचं आहे. माणूस बाकावर बसतो आणि आजोबांपासून सुरुवात करतो. त्याला मध्ये तोडलं तर तो पुन्हा आजोबांपासून सुरू करतो. म्हणून गप्प राहायचं आणि तो पहिली तारीख कधी उच्चारतो याची वाट बघायची. तारीख आली की अर्ज तिथून सुरू होतो, त्याआधीचं सगळं त्याच्या मनाचं समाधान. तात्या म्हणतात, अर्जात रडायचं नाही, वाचणाऱ्याला रडायला वेळ नसतो. अर्ज तीन प्रतींत. वरची जाते, मधली गिऱ्हाइकाची, तळाची फिकट प्रत आमच्या फाइलला.

गिऱ्हाइकं नाना तऱ्हेची. एक गृहस्थ दर दोन महिन्यांनी सख्ख्या भावाला रजिस्टर पत्र पाठवतात. भाऊ त्याच घरात शेजारच्या खोलीत राहतो. बोलणं बंद आहे, पण न्हाणीघराची वेळ तर ठरवायला पाहिजे. पोस्टमन दारात येतो, पत्र एकाकडून दुसऱ्याकडे जायला चार दिवस लागतात आणि दोघांनाही ते रास्त वाटतं. एकदा कुरुंदवाडच्या एक मावशी आल्या. वांग्यांची पाटी त्यांनी स्वतःच एस.टी.च्या टपावर विसरली होती. चूक माझीच, म्हणाल्या, पण तुम्ही असा अर्ज लिहा की पाटी तरी परत येईल. वांगी कुणी खाल्ली असतील तर गोड लागली का तेवढं विचारा. मी तेही लिहिलं. तात्यांनी ते वाक्य खोडलं आणि मग जरा वेळानं, मावशींकडे बघून, पुन्हा घालायला सांगितलं.

पण मला सांगायचं आहे ते बेळगावच्या विमानाचं.

श्रावणातले दिवस होते. गडहिंग्लजच्या पलीकडच्या एका गावाहून बाप-लेक आले. बाप बाळाप्पा, तिकडच्या पद्धतीनं सगळे त्यांना अण्णा म्हणत. अंगानं उंच, आवाज असा की कोर्टाच्या आतल्या लोकांनी मान वर करावी. मुलगी सुमन, पंचविशीची. इथंच कोल्हापुरात नर्सिंग शिकली आणि एका इस्पितळात काम करत होती. ती बाकावर बसली नाही, वडिलांच्या मागे उभी राहिली.

अण्णांनी सुरुवात केली ती आजोबांपासून नव्हे, तर थेट मुद्द्यापासून.

"पावणं, इमानावर अर्ज ल्हवायचा हाय."

तात्यांनी चष्मा काढला. "विमानावर?"

"इमानवाल्या कंपनीवर. भरपाई पाहिजे."

हळूहळू हकिगत बाहेर आली. सुमनची आखातातल्या एका इस्पितळासाठी निवड झाली होती. मुंबईचा एक एजंट सहा मुलींची तुकडी पाठवत होता. पाच मुली मुंबईतल्याच किंवा आधीच पोचलेल्या. सुमनचे कागद सगळ्यांत शेवटी झाले; ज्या दिवशी संध्याकाळी मुंबईहून निघायचं त्याच दिवशी सकाळी गावात तार आली. एस.टी.नं मुंबई गाठणं शक्य नव्हतं. बेळगावहून दुपारी एकच्या सुमाराला मुंबईचं विमान होतं. अण्णांनी गावातली जीप मिळवली, बेळगाव गाठलं, जागा मिळाली. लेक विमानात बसणार म्हणून जीपमध्ये मावतील तितकी माणसं बसवून नेली. दोन वाजता ती मुंबईत असती.

विमान एकला सुटलंच नाही. इंजिनाचा काही भाग यायचा होता. दोन वाजले, चार वाजले. सहा वाजून गेल्यावर ते उडालं. सुमन मुंबईला उतरली तेव्हा परदेशच्या विमानाची खिडकी बंद झाली होती आणि पाच मुली काचेपलीकडे गेल्या होत्या. यादीत तिच्या नावापुढे 'गैरहजर' असा शेरा पडला. आखातातल्या इस्पितळाकडून कळलं की न सांगता गैरहजर राहणारी परिचारिका त्यांना नको. एजंटानं मग पत्र पाठवलं: विमान उशिरा होतं असा कंपनीचा लेखी कागद आणलात तर शेरा काढून घेता येईल. पुढची तुकडी दसऱ्यानंतर जाणार होती, आणि ती शेवटची.

तेव्हा गोष्ट साधी होती. दसऱ्याच्या आत कागद आला तर सुमन जाईल, नाही आला तर नाही. धाकटी तीन भावंडं शिकत होती. घरातले सगळे तिला अक्का म्हणत आणि अक्का जाणार या एका गोष्टीवर घराच्या बऱ्याच गोष्टी ठरल्या होत्या, हे ती बोलली नाही, अण्णांच्या बोलण्यातून कळलं. ती एवढंच म्हणाली, "भरपाई मिळाली न्हाई तरी चालंल. मला कागद पाहिजे."

"दोन्ही पाहिजे," अण्णा म्हणाले.

तात्यांनी पुरावा विचारला. पुरावा होता. बेळगावला खिडकीवरच्या माणसाकडून सुमननं तिकिटाच्या मागच्या बाजूला लिहूनच घेतलं होतं, किती तास उशीर ते, वर शिक्का. तिची ही हुशारी मला फार आवडली. तिकीट दाखवा, मी म्हणालो.

बाप-लेकीनं एकमेकांकडे बघितलं.

"तिकीट भिंतीवर हाय," अण्णा म्हणाले.

सुमन मुंबईहून परत आली आणि दोन दिवसांनी मन घट्ट करून कोल्हापूरच्या इस्पितळात पुन्हा कामाला रुजू झाली. एजंटाचं पत्र यायला अजून अवकाश होता. इकडे अण्णांनी तिकीट घेतलं आणि गावच्या मास्तरांकरवी पुठ्ठ्यावर चिकटवून, काच घालून चौकटीत बसवलं. त्या पंचक्रोशीत विमानात बसलेलं पहिलं माणूस म्हणजे अक्का. बायका बघायला येत, काचेवर हळदीकुंकू लावून जात. मला राहवलं नाही. मी विचारलं, नोकरी गेली त्या प्रवासाचं तिकीट कुणी चौकटीत घालतं का?

अण्णा माझ्याकडे नवलानं बघत म्हणाले, "पोचली न्हाय ती येगळी गोष्ट. बसली तरी की."

दुसऱ्या खेपेला ते चौकट घेऊन आले, घोंगडीत गुंडाळून, एस.टी.त मांडीवर धरून. आमच्या शेडपासून पाच दुकानांवर रशीदभाईंचं काचा-चौकटींचं दुकान आहे. त्यांनी पुठ्ठ्याचा वास घेतला आणि मान हलवली. "मैद्याच्या खळीत मोरचूद घातलाय. कसर लागू नये म्हणून. ज्यानं लावलंय त्यानं मन लावून लावलंय."

"आमचं मास्तर कवाच कच्चं काम करत न्हाईत," अण्णा अभिमानानं म्हणाले.

रशीदभाईंनी शेजारच्या चहावाल्याची किटली मागून घेतली आणि वाफेवर ते तिकीट धरलं. मला वाटतं तासभर ते त्याच्याशी झगडत होते. मध्ये दोन गिऱ्हाइकं येऊन गेली, त्यांना त्यांनी उद्या या म्हणून सांगितलं. शेवटी कागद सुटला, पण मागची शाई खळीत उतरली होती. निळा डाग, शिक्क्याची अर्धी कड, आणि एक आकडा, जो तीन असेल, पाच असेल किंवा आठही असेल. रशीदभाईंनी पैसे घेतले नाहीत. काम झालं नाही त्याचे कसले पैसे, म्हणाले. अण्णांचा एवढा मोठा आवाज, पण परत बाकावर येऊन बसल्यावर तो त्यांना सापडेना.

यानंतर जे झालं ते लिहिताना मला अजून लाज वाटते. पण तेच टाळलं तर बाकीचं लिहिण्यात अर्थ नाही.

तात्यांच्या मुलीचं बाळंतपण होतं, म्हणून ते महिनाभर कुरुंदवाडला गेले होते. मी एकटा होतो आणि नुकताच कायद्याच्या पहिल्या वर्षाला आलो होतो. करार, कराराचा भंग, नुकसानीची जबाबदारी हे शब्द मला नवे आणि चमकदार वाटत होते. अण्णांची बाजू सोळा आणे खरी होती. मी रात्री ग्रंथालयातून आणलेली पुस्तकं वाचली आणि दिवसा कंपनीच्या बेळगावच्या कार्यालयाला तीन पानी इंग्रजी पत्र टाइप केलं. त्यात मी कंपनीला निष्काळजी म्हटलं. पंधरा दिवसांची मुदत दिली. नोकरी गेली म्हणून दोन वर्षांच्या पगाराची मागणी केली. कोर्टात खेचू असं तीन वेगवेगळ्या पद्धतींनी लिहिलं. शेवटच्या परिच्छेदात, जाता जाता, उशिराचा दाखलाही द्यावा असं म्हटलं. पत्राचा मराठी अर्थ मी अण्णांना वाचून दाखवला तेव्हा ते मांडीवर थाप मारून म्हणाले, "असं पाहिजे. आता कसं." सुमननं विचारलं, "एवढं लिहिल्यावर ते दाखला देतील?" मी म्हणालो, द्यावाच लागेल. त्या वेळी मला खरोखर तसं वाटत होतं.

पोचपावती चार दिवसांत आली. नंतर काहीच नाही. पंधरा दिवस झाले. गणपती आले आणि गेले. पत्र गेल्यापासून महिन्यानं मुंबईहून एक पाकीट आलं. प्रकरण कंपनीच्या कायदा विभागाकडे सोपवलं आहे, बेळगावच्या कार्यालयानं यापुढे या विषयावर काहीही लेखी देऊ नये अशी सूचना दिली आहे. केवळ सदिच्छा म्हणून अर्धं भाडं परत करता येईल, मात्र सोबतच्या कागदावर प्रवाशानं कसलीही तक्रार उरली नसल्याची सही करावी.

म्हणजे ज्या एका माणसाकडून कागद मिळणार होता त्याचं तोंड मी माझ्या हातानं बंद केलं होतं. दसऱ्याला तीन आठवडे उरले होते.

अण्णांना अर्ध्या भाड्याचं सांगितलं तर ते म्हणाले, "अर्धं? अर्धंच इमान उशिरा आलतं व्हय?"

तात्या परत आले. मी तळाची फिकट प्रत त्यांच्यापुढे ठेवली आणि उभा राहिलो. त्यांनी ती सावकाश, बोट फिरवत वाचली. मला वाटलं ते ओरडतील. ते म्हणाले, "इंग्रजी चांगलं झालंय तुझं." मग थोड्या वेळानं, "पण मला एक सांग. हे पत्र हातात धरून दुसऱ्या हातानं कुणी सही करील का?"

मी ती प्रत उचलून पुन्हा फाइलला लावली. त्यांनी ही गोष्ट आजतागायत कुणापुढे काढली नाही. माझ्यावर त्यांचे पुष्कळ उपकार आहेत, पण हा सगळ्यांत मोठा.

त्या दिवशी संध्याकाळी सुमन ड्यूटी संपवून आली. मी तिची माफी मागितली. माझ्यामुळे तुमचा महिना वाया गेला, असं म्हणालो. तिनं ते ऐकून घेतलं. मुंबईचं पत्र तिनं दोनदा वाचलं आणि तात्यांना विचारलं, "ह्यांनी 'या विषयावर' लिहू नका म्हटलंय. विषय कुठला?"

"नुकसानभरपाई. चूक कुणाची तो," तात्या म्हणाले.

"मग आपण चूक विचारायचीच कशाला?" ती म्हणाली. "आमच्या वॉर्डात खाटेला तक्ता असतो. ताप किती, किती वाजता. औषध दिलं, किती वाजता. उशीर झाला तरी जी खरी वेळ ती लिहायची. उशीर का झाला, कुणामुळं, हे तक्त्यावर कुणी लिहीत न्हाई. म्हणून नवी पोरगीसुद्धा न भिता लिहिते. कारण विचारलं की मग सगळ्या मेट्रनकडं बोट दाखवतात."

तात्यांनी माझ्याकडे बघून इंग्रजी यंत्राकडे मान हलवली.

पत्र तिनं सांगितलं, मी इंग्रजी केलं. सहा ओळी झाल्या. अमुक तारखेला मी आपल्या विमानानं बेळगावहून मुंबईला गेले. विमान सुटण्याची ठरलेली वेळ काय होती, प्रत्यक्षात ते किती वाजता सुटलं आणि मुंबईला किती वाजता पोचलं, एवढं कळवावं. कारण कळवण्याची गरज नाही. मला ते माझ्या कामाच्या ठिकाणी दाखवायचं आहे. तसदीबद्दल क्षमस्व आणि आभार. मला त्यात कुठंतरी 'प्रवाशाचा हक्क' असे दोन शब्द घालायचे होते. बोटं तिथं थांबलीसुद्धा. पण घातले नाहीत.

पोस्टानं पाठवायला वेळ नव्हता. तात्या म्हणाले, तू जा बरोबर, तूच लिहिलंयस ना पहिलं. असं म्हणून त्यांनी मला शिक्षा केली की संधी दिली हे मला आजही सांगता येणार नाही. दुसऱ्या सकाळी अण्णाही निघायला म्हणून शेडवर आले, पण त्यांनी येऊ नये असं सुमननंच ठरवलं. "तुम्ही बोलला की त्येंचं इमान बंद पडंल," ती वडिलांना म्हणाली, आणि अण्णा इतके मनापासून हसले की शेजारचा स्टँप विकणाराही हसला.

आम्ही एस.टी.नं बेळगावला आणि तिथून सांबऱ्याच्या विमानतळावर गेलो. मी तोवर जमिनीवरचं विमान पाहिलं नव्हतं. त्या दिवशीही पाहिलं नाही, कारण ते अजून यायचं होतं. कार्यालयात कंपनीचे अधिकारी बसले होते, पन्नाशीचे, कपाळाला विभूती, समोर थर्मास. सुमननं त्यांना कानडीत नमस्कार केला. आमच्या कोल्हापुरी मराठीतून तिचं कानडी कधी सुरू झालं ते मला कळलंच नाही. त्यांनी नाव ऐकलं आणि लगेच हात वर केले. मुंबईच्या कायदा विभागाची सूचना आहे, मी काहीही लिहून देऊ शकत नाही, असं ते म्हणाले असावेत. 'लीगल' हा शब्द मला समजला आणि माझे कान गरम झाले.

सुमननं सहा ओळींचं पत्र त्यांच्यापुढे ठेवलं.

त्यांनी ते वाचलं. पुन्हा वाचलं. मग चष्मा कपाळावर सरकवून तिला काहीतरी विचारलं, ती "हौदु", म्हणजे होय, म्हणाली. ते उठले, एक जाडजूड वही आणली आणि बोटानं ओळ शोधली. नंतर तिनं मला सांगितलं ते काय म्हणाले ते. ते म्हणाले की कारण लिहायला मला मुंबईची परवानगी लागते, वेळ लिहायला लागत नाही. वेळ तर आम्ही रोज बाहेरच्या फळ्यावर खडूनं लिहितो, ती येणारा-जाणारा कुणीही वाचतो.

कंपनीच्या छापील कागदावर त्यांनी चार ओळी लिहिल्या, सही केली, शिक्का मारला. शिक्क्याची शाई वाळेपर्यंत कागद दोन्ही हातांनी धरून ठेवला. मग माझ्याकडे वळून इंग्रजीत विचारलं, ते तीन पानी पत्र तुम्ही लिहिलं का? मी उभा राहून होय म्हणालो. ते म्हणाले, त्यातल्या टायपातला 'इ' वाकडा आहे, या पत्रातलाही तसाच आहे. आणि पुढे, अगदी गंभीरपणे, म्हणाले की आमच्या साहेबांनी ते दोनदा वाचलं. फार छान लिहिलंय.

परतीच्या एस.टी.त सुमननं तो कागद एका पुस्तकात घालून, पुस्तक पिशवीत आणि पिशवी मांडीवर ठेवली. निपाणीत गाडी थांबली. मग ती म्हणाली, "हा अण्णांच्या हातात पडू द्यायचा न्हाई." मी एवढा हसलो की कंडक्टरनं मागं वळून बघितलं.

दुसऱ्याच दिवशी ती कागद घेऊन मुंबईला गेली. कोल्हापूरच्या इस्पितळातली नोकरी तिनं आधीच सोडली होती, हे मला नंतर कळलं.

भरपाईचं पुढे काय झालं असं कुणी विचारील. काही झालं नाही. तक्रार उरली नसल्याच्या कागदावर अण्णांनी सही करू दिली नाही आणि कंपनीनं अर्धं भाडं दिलं नाही. आता दुसऱ्या वर्षाला आल्यावर मला वाटतं, माझ्या पत्रातली मागणी तशी चुकीची नव्हती. पाच तास उशीर होऊन एका मुलीची जागा जाते आणि त्याबद्दल कुणीच काही देणं लागत नाही, हे बरोबर नाही. त्यासाठी भांडणारं कुणीतरी असायला पाहिजे, आणि एखाद्या दिवशी ते भांडण मी नीट करीन अशी आशा आहे. पण त्या वेळी तिच्याजवळ तीन आठवडे होते आणि मी त्या तीन आठवड्यांचा विचार न करता माझ्या पुस्तकांचा विचार केला. ही रुखरुख आहे आणि ती राहावी असंच मला वाटतं.

दसरा झाला, दिवाळी झाली. बाप-लेकीपैकी कुणी आलं नाही. तात्यांचा नियम असा की अर्ज गेला की तो आपला नाही, गिऱ्हाइकाला विचारायला जायचं नाही. चांगलं झालं असेल तर ते येतं, वाईट झालं असेल तर त्याला पुन्हा सांगायला लावू नये. मी नियम पाळला. पण न येण्याचा अर्थ मी माझ्या परीनं लावत गेलो. कागद उशिरा पोचला असेल. तो गेलेला महिना आडवा आला असेल. गडहिंग्लजची गाडी यायची वेळ झाली की मी बाकाकडे बघायचो. रशीदभाई एक-दोनदा विचारून गेले, त्या निळ्या तिकिटाचं काय झालं म्हणून. मी माहीत नाही म्हणालो. पहिल्या वर्षाच्या परीक्षेत करार कायद्याला मला चांगले गुण पडले. मी ते घरीही फारसे सांगितले नाहीत.

मग उन्हाळ्यात, आंब्याच्या दिवसांत, एक म्हातारबाबा रेशनकार्डावरच्या वयाचं प्रतिज्ञापत्र करून घ्यायला आले. त्यांनी गावाचं नाव सांगितलं तेव्हा माझी बोटं थांबली. तात्यांचा नियम मी त्या दिवशी मोडला. तात्या समोरच होते, पण ते कार्बनच्या डब्यात काहीतरी शोधत राहिले.

मी विचारलं, बाळाप्पा अण्णांची थोरली मुलगी, सुमन, तिचं काय झालं?

"अक्का व्हय?" म्हातारबाबा म्हणाले. "ती गेली की. दसऱ्यानंतर लगीच गेलीया. आता धाकट्या भैनीला बी नर्सिंगला घातलंय तिनं."

आम्हाला कुणी कळवलं नाही, मी म्हणालो.

"कागद तुम्हीच लिवलासा न्हवं? मग तुम्हास्नी ठावं नसंल असं कसं वाटंल कुणाला?" ते खरोखर चकित झाले होते. मग त्यांनी बाकावर नीट मांडी घातली. "जाताना बी इमान उशिराच सुटलं म्हणं. मम्बईवरनंच, चांगलं तीन तास. पर ह्या बारीला समद्या पोरी एकाच इमानात व्हत्या. समद्यास्नीच उशीर झाला, मग कुणाचं काय गेलं न्हाय."